गोटू दुर्बीण आणि खानदेशातली गच्ची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोटू, म्हणजे नाव सांगितलं की त्या वस्तूकडे स्वतः वळणारी कॉम्प्युटरवाली दुर्बीण, तीही इक्वेटोरियल माऊंटवरची (एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायची बैठक) घेतली, हौसेने जोडली, गुरू दाखव म्हणून बटण दाबलं, आणि ती घर्रर्र करत शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून थांबली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या हौशी लोकांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. माझी स्वतःची दुर्बीणही पहिला महिनाभर टाकीच बघत होती.

अलाइनमेंट एकदा करायचं की दोनदा? मॅन्युअलमध्ये दोन वेगळी प्रकरणं आहेत.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. पहिली पोलर अलाइनमेंट: माऊंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करणं, म्हणजे तो आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखणं. हे काम तुमच्या हाताचं, पान्याचं आणि स्क्रूचं. मोटरचा त्यात काही संबंध नाही. दुसरी स्टार अलाइनमेंट: हँड कंट्रोलरला (हातात धरायचा बटणांचा रिमोट) दोन-तीन ओळखीचे तारे दाखवून आकाशाचा नकाशा त्याच्या डोक्यात बसवणं.

पहिलं नीट असेल तर तारा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) टिकून राहतो. दुसरं नीट असेल तर मागितलेली वस्तू आयपीसमध्ये येते. त्यामुळे तक्रार सांगताना आधी एवढं बघा: वस्तू सापडतच नाही, की सापडते आणि हळूहळू निसटते? सापडत नसेल तर हँड कंट्रोलरमधली माहिती तपासा. निसटत असेल तर उत्तर दिशा तपासा.

नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर पोलर अलाइनमेंट किती काटेकोर हवी?

लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी. अक्ष ध्रुवबिंदूपासून एक अंश चुकला तरी तारा तासाभरात फार तर पाव अंश सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा. एखादं बटण दाबलं की परत मध्यावर. मोटर बंद असेल तर तोच तारा पूर्ण चंद्राएवढं अंतर दोन मिनिटांत कापतो, म्हणजे एक अंशाची चूक असूनही तुम्ही फायद्यातच आहात. अर्धी रात्र पोलर स्कोपला (माऊंटच्या अक्षातली ध्रुव बघायची छोटी दुर्बीण) डोळा लावून मान मोडून घेणारे आणि शेवटी शनी न बघताच झोपायला जाणारे मी पाहिले आहेत. फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी, ते पुढे येईल.

आमच्या गावासाठी अक्षांश किती लावायचा?

जळगाव २१ अंश १ मिनिट, भुसावळ २१ अंश ३ मिनिटं, अमळनेर २१ अंश २ मिनिटं, धुळे २० अंश ५४ मिनिटं, नंदुरबार २१ अंश २२ मिनिटं. थोडक्यात, माऊंटच्या कडेच्या पट्टीवर काटा २१ वर आणून ठेवला की तापीच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी काम भागतं. मात्र पट्टी खरी बोलायला ट्रायपॉड सपाट हवा. माऊंटवरच्या बुडबुड्यावर विश्वास नसेल तर गवंड्याची पाणसळ ठेवून बघा.

काटा वरखाली करताना एक काळजी घ्या. पुढचा आणि मागचा असे दोन बोल्ट एकमेकांविरुद्ध रेटत असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका. मी आवळला होता. बोल्ट वाकला, आणि तो बदलून मिळेपर्यंत अख्खा डिसेंबर गेला.

हा अक्षांश आपल्याकडे नवा नाही. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. ती मोजली की अक्षांश कळला. जळगावला ती सुमारे ४.६ अंगुळं भरते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० सालचा, आणि त्याच्या गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. पाटणादेवीला दुर्बीण घेऊन गेलात तर अक्षांश मात्र साधारण २०.४ लावा.

आमच्या गच्चीवरून ध्रुव दिसतच नाही. उत्तरेला निंब आहे. काय करायचं?

हा खानदेशातला अगदी नेहमीचा प्रश्न. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो. हात लांब करून बोटं ताणली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या वितीत साधारण तेवढंच अंतर मावतं. त्या उंचीवर झाड येतं, पाण्याची टाकी येते, धूळ आणि गावाचा उजेड तर येतोच. तारा तसाही दुसऱ्या प्रतीचा, काही फार ठळक नाही.

यावर माझा उपाय दिवसा करायचा आहे, आणि तो एकदाच करायचा. गवंड्याकडून ओळंबा आणा. गच्चीवर तिवई करून किंवा कठड्याबाहेर काठी काढून तो लटकवा, आणि स्थानिक मध्यान्हीला दोरीची सावली फरशीवर जिथे पडते तिथे दोन खुणा करा. खुणा जोडणारी रेघ ही तुमची दक्षिणोत्तर रेघ. गेरूत बुडवलेली दोरी ताणून तिच्यावर फटकारा, मग वरून ऑइलपेंटची बारीक रेघ मारा. पाऊस आला तरी जात नाही.

फक्त मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि जळगाव ७५.५६ वर आहे, त्यामुळे सूर्य आपल्याकडे सरासरी २८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. धुळ्याला ३१ मिनिटं, नंदुरबारला ३३. शिवाय सूर्य स्वतःही वर्षभर मागेपुढे होतो. जळगावात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास. मोबाइलवरचं कुठलंही चांगलं आकाशाचं ॲप त्या दिवशीची नेमकी वेळ देतं.

डिसेंबर-जानेवारीत हे केलं तर उत्तम, कारण सावली लांब पडते आणि सावकाश फिरते. एका मिनिटाची चूक म्हणजे रेघेत साधारण एक तृतीयांश अंशाची चूक, चालण्यासारखी आहे. मे महिन्यात हा उद्योग करू नका. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली बोटभर पडते आणि बघता बघता गरकन फिरते. वर फरशीवर पाय भाजतात ते वेगळंच.

घड्याळावर भरवसा नसेल तर जुनी रीत आहे. फरशीवर वर्तुळ काढून मध्यभागी उभी काठी ठेवा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवतं ती दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते, तिला काटकोनात उत्तर.

रात्री ट्रायपॉडचा उत्तरेचा पाय आणि माऊंटचा अक्ष या रेघेवर आणायचा, पट्टीवर २१, आणि पुढे चला. हे सगळं चाललेलं असताना दुर्बीण घरातच ठेवा. दिवसा ती गच्चीवर उघडी असली की कोणीतरी पोरगं तिच्यातून सूर्याकडे बघणारच, आणि डोळा कायमचा जाईल.

मोबाइलचा कंपास नाही का चालत?

चालतो, पण ट्रायपॉडपासून पाच पावलं लांब उभं राहून. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, ही चांगली गोष्ट. पण स्टीलचे पाय, काउंटरवेट (नळीचा तोल साधणारं वजन), स्लॅबमधल्या सळया आणि शेजारी लावलेली मोटरसायकल हे सगळे मिळून कंपासला दहा-पंधरा अंश सहज फसवतात.

ध्रुव दिसतो, पण पोलर स्कोपमध्ये त्याला मध्यावर ठेवू की वर्तुळावर?

वर्तुळावर. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही. तो सुमारे ४० कलांनी (अंशाच्या मिनिटांनी) बाजूला आहे आणि दिवसभरात त्या बिंदूभोवती एक फेरी मारतो. त्या क्षणी तो वर्तुळावर घड्याळाच्या किती वाजण्याच्या जागी असायला हवा हे ॲप दाखवतं, किंवा हँड कंट्रोलर सांगतो. पोलर स्कोपमधलं चित्र उलटं असतं हे लक्षात ठेवा. आणि स्कोपमध्ये निव्वळ अंधार दिसत असेल तर घाबरू नका. अनेक माऊंटमध्ये क्रांतीचा अक्ष (नळी उत्तर-दक्षिण हलवणारा) फिरवून त्याच्या दांड्यातलं भोक समोर आणावं लागतं, नाहीतर तुम्ही आतल्या लोखंडाकडे बघत बसता. पुढचं टोपण काढायचं राहिलं असेल तर त्यावर बोलायलाच नको.

ध्रुव ओळखायला शाळेत सप्तर्षी शिकवतात. पण हिवाळ्याच्या संध्याकाळी आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम शोधा.

तारीख, वेळ सगळं बरोबर टाकलं, तरी दुर्बीण जमिनीकडे वळते.

बरोबर टाकलं नाही. रागावू नका, मीही हेच म्हणत होतो.

बहुतेक हँड कंट्रोलर तारीख अमेरिकी पद्धतीने मागतात, आधी महिना, मग दिवस. ५ डिसेंबरच्या रात्री मी सवयीने ०५/१२ टाकलं. यंत्राने ते १२ मे समजलं. दोन तारखांत २०७ दिवसांचं अंतर, आणि तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे यंत्राच्या डोक्यातलं आकाश साडेतेरा तासांनी फिरलेलं. रोहिणी माग म्हटलं तर ती त्याच्या हिशेबाने भलतीकडे. दुर्बीण खाली वाकून पाण्याच्या पाइपाकडे बघू लागली आणि मी मोटर बिघडली म्हणून दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘‘भाऊ, तारीख सांगा बरं काय टाकली?’’

बाकीच्या चुका अशा. टाइमझोन अधिक ५:३० हवा. नुसतं ५ ठेवलं तर अर्धा तास, म्हणजे साडेसात अंशांची चूक. डेलाइट सेव्हिंग विचारलं तर कायम ‘नाही’. आपल्याकडे ती भानगड नाही, आणि चुकून ‘हो’ झालं तर पंधरा अंश गेले. रेखांशाला पूर्व ठेवा. काही यंत्रांत मुळात पश्चिम लिहिलेलं येतं. मोबाइलच्या नकाशावरचा ७५.५६ हा आकडा दशांशात असतो, यंत्राला अंश आणि मिनिटं लागतात, म्हणजे ७५ अंश ३४ मिनिटं. पण ही शेवटची चूक झाली तरी रात्र बुडत नाही, स्टार अलाइनमेंट ती पोटात घेते. तारखेची चूक मात्र कोणी पोटात घेत नाही.

यंत्र भलतीच नावं दाखवतं. आपले तारे ओळखू कसे?

ही यादी छापून दुर्बिणीच्या पेटीत चिकटवा. आल्डेबरान म्हणजे रोहिणी. कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय. सिरियस व्याध, प्रोसायन प्रश्वा, बीटलज्यूस मृगातली काक्षी. रेग्युलस मघा, आर्क्ट्युरस स्वाती, स्पायका चित्रा, अंटारेस ज्येष्ठा. व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, डेनेब हंस. कॅनोपस आपला अगस्त्य. कॅस्टर आणि पोलक्स ही पुनर्वसूची जोडी, आणि इथेच फसगत होते. दोघांत साडेचार अंशांचं अंतर आहे, पोलक्स जरा जास्त तेजस्वी. यंत्राने एक मागितला आणि तुम्ही दुसरा दिलात तर ते गुपचूप मान्य करतं आणि रात्रभर सूड उगवतं.

मग कोणते तारे घ्यायचे?

क्षितिजापासून २५ अंशांच्या वर, पण ऐन डोक्यावर नाहीत असे, आणि ध्रुवाजवळचे नाहीत. अगस्त्य ठळक आहे खरा, पण जळगावात तो जास्तीत जास्त १६ अंश चढतो, त्याला सोडा. पहिले दोन तारे याम्योत्तर वृत्ताच्या (उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जाणारी आकाशातली रेघ) एकाच बाजूचे आणि तिसरा दुसऱ्या बाजूचा, ही जोडणी माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची. जानेवारीच्या मध्यात संध्याकाळी साडेसातला मी पूर्वेकडचे ब्रह्महृदय आणि काक्षी घेतो, आणि पश्चिमेकडचा भाद्रपदाच्या चौकोनातला अल्फेराट्झ.

तारा मध्यावर आणण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आधी कमी शक्तीच्या आयपीसने आणा, मग जास्त शक्तीचा लावा. फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची थाळी होऊन दृष्टिक्षेत्र भरत आलं की ती मधोमध आहे की नाही हे डोळ्याला लगेच कळतं. शेवटचं सरकवणं फक्त ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ या दोन बटणांनी करा. पुढे गेलात तर बरंच मागे या आणि पुन्हा त्याच दोन बटणांनी आणा. दातेरी चाकांमधली ढिलाई एकाच बाजूला दाबलेली राहावी म्हणून हा खटाटोप. हे न केल्यामुळे गोटू अर्धा अंश चुकतं, आणि लोक माऊंट बदलायचा विचार करतात.

सुरुवातीला काउंटरवेट खाली, नळी ध्रुवाकडे, मगच स्विच. या घरच्या स्थितीतून सुरुवात झाली नाही तर पुढचं सगळं वाकडं.

पहिला तासभर बरोबर चाललं, मग सगळं हळूहळू चुकायला लागलं.

खाली बघा, पायांकडे. यावलकडे केळीच्या बागेशेजारी आम्ही एकदा मोकळ्या वावरात दुर्बीण लावली. आकाश असं की कृत्तिका मोजायला चष्मा नको. नऊ वाजेपर्यंत सगळं छान. दहाला मृगातला तेजोमेघ कडेला, साडेदहाला आयपीसच्या बाहेर. बॅटरी तपासली, केबल तपासली. शेवटी पाणसळ ठेवली तर बुडबुडा कडेला जाऊन बसलेला. आदल्या दिवशी पाणी दिलेली काळी माती, तिच्यात दक्षिणेकडचा पाय दोन बोटं रुतला होता. आता गाडीच्या डिकीत शहाबादी फरशीचे तीन तुकडे कायम असतात, प्रत्येक पायाखाली एक.

गच्चीवर वेगळा त्रास. स्लॅबच्या मधोमध दुर्बीण लावली तर कोणी चाललं की तारा नाचतो. कॉलमच्या डोक्यावर, कोपऱ्यात लावा. जुन्या धाब्याच्या घरावर लावायचा विचार सोडून द्या. उन्हाळ्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो आणि शनीची कडी उकळत्या पाण्यात असल्यासारखी दिसतात. हा अलाइनमेंटचा दोष नव्हे. पहाटे बघा.

काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला घासतं.

कमी अक्षांशाचा हा खास त्रास. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे माऊंटचं डोकं आणि वजन उत्तरेकडे झुकतं आणि वजन उत्तरेच्या पायाकडे येतं. तरीही पाय उत्तरेलाच ठेवा, नाहीतर सगळंच पुढे कलंडेल. वजन दांड्यावर शक्य तेवढं वर सरकवा, नळीचा तोल पुन्हा साधा, आणि मोटर सोडण्याआधी हाताने अक्ष पूर्ण फिरवून कुठे अडतं का ते पाहा. काही माऊंटना मध्ये घालायचा छोटा खांब मिळतो, तो घेतलात तर प्रश्नच मिटतो.

फोटो काढायचे आहेत. ध्रुव नाही, रेघही पुरत नाही. मग?

ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारणं. दक्षिणेकडे, याम्योत्तर वृत्ताजवळ आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशातली रेघ) असलेला एक तारा घ्या. रेघांचा आयपीस लावा, मोटर चालू ठेवून पाच मिनिटं नुसतं बघा. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त वळला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाच्या जरा वरचा तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर.

आयपीसमध्ये दक्षिण कुठली हे कळत नसेल तर नळी बटणाने किंचित ध्रुवाकडे ढकला. तारा ज्या कडेला जाईल ती दक्षिण. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे इथे लक्षच देऊ नका. सुरुवातीला दोन तास लागतील, सवयीने अर्धा. कॅमेरा आणि लॅपटॉप असेल तर हेच काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत करून देतं. काही हँड कंट्रोलरमध्येही स्टार अलाइनमेंटनंतर ध्रुव न बघता अक्ष सुधारायची सोय असते, तुमच्यात आहे का बघा.

लाइट गेली तर?

घरच्या विजेवर चालवूच नका. १२ व्होल्टची बॅटरी घ्या. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी एका संध्याकाळीला पुरते. मोठी हवी तर ट्रॅक्टरची आहेच. बॅटरी उतरली की मोटर कण्हते, मग हँड कंट्रोलर स्वतःच बंद होऊन चालू होतो आणि अलाइनमेंट पुसली जाते. पिनची धन-ऋण बाजू मॅन्युअलमधलं चित्र बघूनच जोडा.

बघता बघता दुर्बीण अचानक उलटी फिरली. बिघडली का?

नाही. वस्तू याम्योत्तर ओलांडून पश्चिमेला गेली की नळी ट्रायपॉडला धडकू नये म्हणून जर्मन पद्धतीचा माऊंट कूस बदलतो. तेवढ्यात कोणाचं डोकं मध्ये नाही ना आणि केबल गुंडाळली जात नाही ना, एवढं बघा.

भरीत पार्टीला दुर्बीण आणली तर चालेल?

आणा, पण पऱ्हाट्यांच्या जाळापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला. अलाइनमेंट वांगी भाजायला टाकण्याआधी उरका. कळण्याची भाकरी खाऊन तेलकट बोटांनी आयपीस हाताळणाऱ्यांना मी हल्ली सरळ पाण्याच्या तांब्याकडे पाठवतो.

तोरणमाळला नेली तर सगळं पहिल्यापासून?

हो. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, आणि अक्षांश जवळजवळ २२, म्हणजे जळगावच्या पट्टीत सुमारे ०.९ अंश वाढवावा लागतो. यंत्रात ठिकाण बदला, तारीख पुन्हा तपासा, आधी महिना मग दिवस. तिथे ध्रुव छान दिसतो, ओळंबा घरी ठेवला तरी चालेल. फरशीचे तुकडे मात्र न्या. आणि स्वेटर.